पेट्रोल येतंय किती, ते आधी मोजा

जुन्या गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी बहुतेकांची तक्रार एकच आहे: गाडी चालता चालता दम सोडते. आणि बहुतेकांनी पत्र लिहिण्याआधी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) एकदा तरी उघडून घेतलाय. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी १९८६ची अ‍ॅम्बेसेडर (पेट्रोल) सपाटीवर झकास चालते. साखळीहून चोर्ला घाट चढायला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत झटके मारते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला. आता काय? (डिचोली)

आता कार्बोरेटरला हात लावू नका. सपाटीवर इंजिन फार थोडं पेट्रोल पितं, त्यामुळे पुरवठा निम्म्यावर आला तरी कळत नाही. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबून धरलं की हे १४८९ सीसीचं इंजिन मिनिटाला पाव लिटरच्या आसपास मागतं. तेवढं पोचत नसेल तर बाऊल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) हळूहळू रिकामा होतो आणि गाडी गुदमरते. थांबून पुन्हा स्टार्टर फिरवलात की बाऊल भरतो. वाफ धरल्यावरही (म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन धार अडली की) लक्षण नेमकं हेच दिसतं, म्हणून दोन्ही वेगळे करायला हवेत.

आधी घरी, थंड इंजिनवर. कार्बोरेटरला येणारा पाइप सोडा, त्याला मीटरभर लांब होज लावा आणि तिचं टोक मडगार्डवरून बाहेर जमिनीवर ठेवलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या बाटलीत सोडा. होज एक्झॉस्टवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर टेकता कामा नये. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा आणि कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला आधी अंगणाबाहेर पाठवा. मग इंजिन चालू करा. बाऊलमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ते अर्धा मिनिट आयडलिंगला आरामात चालतं. तेवढ्यात बाटलीत दोनशे मिलीच्या आसपास पेट्रोल यायला हवं. शंभरच्या खाली आलं तर पुरवठाच कमी आहे, घाटात गाडी बंद पडणारच.

कमी आलं तर दोष पंपाचा की मागच्या लाइनचा? पंपाला टाकीकडून येणारा पाइप काढा. त्याजागी स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमधून होज द्या, कॅन जमिनीवरच ठेवा आणि पुन्हा मोजा. माप सुधारलं तर एसी पंप (इंजिनवर चालणारा डायफ्रामचा पेट्रोल पंप) चांगला आहे. मग टाकीतली जाळी, लाइन आणि विशेषतः टाकीजवळचा रबरी तुकडा बघा. जुना रबर बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगतो आणि पंपाने ओढलं की चपटा होतो. माप सुधारलं नाही तर पंपाचं डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह गेलेत.

बाटलीत होजचं टोक पेट्रोलखाली बुडवून बुडबुडे बघायला विसरू नका. सतत बुडबुडे येत असतील तर ओढीच्या बाजूला कुठेतरी पंप हवा घेतोय. तिथून पेट्रोल बाहेर गळत नाही, फक्त हवा आत जाते. म्हणूनच ही जागा शोधताना लोक आठवडे घालवतात. युनियन (पाइपांचे आट्यांचे जोड) आणि क्लिपा एकेक करून कसा.

माप बरोबर आलं तर संशय वाफेवर. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणारे पाइप) एकाच बाजूला आहेत आणि कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलाय. घाटात गाडी बंद पडली की लगेच पंपावर आणि पाइपवर ओला फडका ठेवा. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर वाफच होती. इलाज म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर जागेवर आहे ना बघा (ओव्हरहॉलमध्ये तो हमखास हरवतो) आणि मध्ये पत्र्याची हीट शील्ड बसवा. थंड पाण्याची बाटली जवळ ठेवणं हा घाट पार करायचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

प्रश्न : बजाज चेतक दर पंधरा मिनिटांनी बंद पडते. थोडा वेळ उभी केली की चालू. प्लग बदलला, फरक नाही. (फोंडा)

बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला की निदान झालं: झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं, वरून हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि धार थांबते. पावसाळ्यानंतर धूळ, गंज आणि कधी कुंभारीण माशीची मातीही त्या भोकात सापडते. बारीक तारेने मोकळं करून फुंकर मारा. आवाज आला नाही तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून कॉक चालू करा. धार अखंड हवी. थेंब थेंब आलं तर कॉकच्या वरची जाळी चोंदलीय.

प्रश्न : पद्मिनी जूनपासून उभी होती. चवथीला बाहेर काढली, दोन किलोमीटर गेली आणि थांबली. नवा फिल्टर दोन दिवसांत तांबूस झाला. (पेडणे)

आणखी फिल्टर बदलू नका. अर्धी रिकामी टाकी, तीन महिन्यांची दमट हवा आणि समुद्राजवळची जागा. टाकीत पाणी आणि गंज दोन्ही झालेत.

टाकीच्या तळाचं पेट्रोल लिटरभर काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे खाली वेगळा थर दिसेल. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर तो थर नुसत्या पाण्याचा नसतो. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. वर नवं पेट्रोल ओतून हे दुरुस्त होत नाही, सगळं काढावं लागतं. काढलेलं गटारात किंवा आवारात ओतू नका, आपल्याकडे विहीर कधीच लांब नसते.

गंजासाठी टाकी उतरवावी लागेल. फ्युएल गेजचं युनिट काढा, तोंडं बंद करा, आत मूठभर नट टाकून टाकी चांगली हलवा आणि सगळं बाहेर काढा. मग लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घातलेल्या गरम पाण्याने टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने. इथून पुढे रेंगाळू नका: ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा होतो. गरम हवेने सुकवा आणि लगेच थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत सगळीकडे फिरवा. टाकीला भोक सापडलं तर वेल्डिंगला देण्याआधी हे नीट समजून घ्या, की रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. ज्याला पेट्रोलच्या टाक्यांची सवय आहे अशाच कारागिराकडे द्या.

लाइनमध्ये टाकीकडून हवा मारा, पण दोन्ही टोकं सोडून. पंपातून दाबाची हवा गेली की डायफ्राम फाटतं. बाऊलच्या तळाचा गाळही काढा.

पुढच्या मे महिन्यात दोनच गोष्टींतली एक करा. टाकी पूर्ण भरून दर पंधरा दिवसांनी गाडी वीस मिनिटं चालवा, नाहीतर टाकी आणि बाऊल पूर्ण रिकामे करून ठेवा. अर्धी टाकी हा सगळ्यात वाईट पर्याय.

प्रश्न : पद्मिनीचा एसी पंप वारंवार बिघडतो म्हणून गॅरेजने इलेक्ट्रिक पंप बसवला. आता कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोलचा वास येतो. (मडगाव)

ओव्हरफ्लो थांबेपर्यंत गाडी चालवू नका, हे आधी. कार्बोरेटरची नीडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी टोकदार झडप) साधारण तीन-चार पीएसआय (दाबाचं एकक) दाब रोखते. त्यापुढे दाब फ्लोटला (नीडल दाबून धरणाऱ्या तरंगत्या गोळ्याला) हरवतो आणि नीडल उचलली जाते. इंजेक्शनच्या गाडीचा पंप याच्या दसपटीने दाब देतो, तो इथे चालणारच नाही. गेज लावून दाब बघा. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप असेल तरी रेग्युलेटर बसवून अडीच ते तीनवर ठेवा. असा पंप ढकलण्यात हुशार, ओढण्यात कच्चा, म्हणून त्याची जागा मागे टाकीजवळ. आणि पंपाला वीज देणारा रिले ऑइल प्रेशर स्विचवरून घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबतो. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालूच राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

दाब बरोबर असूनही वाहत असेल तर फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळलं तर तो फुटलाय. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे चीर. डाग द्यायचा तर अगदी थोडा द्या, वजन वाढलं की लेव्हल चुकते.

खरं तर एसी पंपाला चांगलं डायफ्राम घातलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. पंपाखालचं पॅकिंग मूळच्याच जाडीचं हवं. जाड झालं तर स्ट्रोक कमी होतो, पातळ झालं तर दाब वाढतो. आणि जुना पंप वारंवार बिघडत होता म्हणता, तर डिपस्टिक काढून वास घ्या; डायफ्राम फाटलं की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची लेव्हल वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल तर ऑइल आजच बदला, पातळ ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

प्रश्न : जुनी बुलेट ३५०, मिकार्ब कार्बोरेटर. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून इंजिन जास्त तापतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज, प्लग पांढरा. जेट बदलायचा का? (म्हापसा)

मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, पण जेटआधी (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राआधी) कार्बोरेटर आणि हेडमधला जोड तपासा. आयडलिंगला तिथे थोडं डब्ल्यूडी-४० फवारलं आणि इंजिनचा आवाज बदलला, तर तिथून हवा जातेय. मोठा जेट घालून ती झाकू नका.

जोड ठीक असेल तर कारण इंधनाचं. निव्वळ पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२०ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं, आणि जुन्या कार्बोरेटरला ते स्वतःहून कळत नाही. सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते. एअर स्क्रू पाव फेरा आत. मेन जेट ९०चा असेल तर ९५ घालून बघा, एकदम १००वर उडी नको. प्रत्येक बदलानंतर पाच-सात किलोमीटर बऱ्यापैकी वेगात चालवा, वेगात असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग बघा. रंग विटकरी-तपकिरी हवा.

रबराचं सगळं सामान, म्हणजे पाइप, कॉकचं वायसर, ओ-रिंग, इथेनॉल सोसणारं घ्या. सुरुवातीचे दोन-तीन महिने फिल्टर लवकर लवकर बघा. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि तो थेट जेटात येतो. ते सगळं निघून जाईपर्यंत मेन जेटचा आकडा पक्का धरू नका.