समाजकार्यात पदवी घ्यायची आहे. कॉलेज निवडताना नाव बघावं की फी?

नाव तर मुळीच बघू नका. मी तेच बघितलं आणि पहिलं वर्ष पाण्यात गेलं.

फील्डवर्क बघा. व्यक्तिकार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे विषय थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच असतात. तुम्हाला फील्डवर कुठे पाठवतात आणि परत आल्यावर कोण काय विचारतं, खरा फरक तिथे पडतो. मला एका संस्थेत पाठवलं. वर्षभर मी पाकिटांवर पत्ते चिकटवले आणि हजेरीची रजिस्टरं उतरवून काढली. सर रिपोर्टवर न वाचताच सही करायचे. एकदा मुद्दाम मधल्या पानावर आदल्या रात्री पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट लिहिली. तिच्याखालीही सही!

दुसऱ्या वर्षी रुग्णालय मिळालं आणि नव्या मॅडम. पहिल्याच रिपोर्टात मी लिहिलं होतं, 'बाईंना औषधं वेळेवर घेण्याचं महत्त्व पटवून दिलं.' मॅडमनी 'पटवून दिलं'भोवती लाल गोल काढून समासात लिहिलं, 'त्या काय म्हणाल्या?' मला आठवेना. आठवणार कुठून, मी त्यांना बोलूच दिलं नव्हतं. पुढच्या खेपेला तोंड मिटून बसलो, तेव्हा कळलं की त्यांना वाचता येत नाही आणि दोन्ही गोळ्या दिसायला सारख्याच.

माझा मोठा भाऊ आजही म्हणतो, लोकांना मदत करायला डिग्री कशाला, मन चांगलं असलं की झालं. अरे, माझं मन पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं की! अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या अब्राहम फ्लेक्सनरनी १९१५ साली परिषदेत समाजकार्यवाल्यांनाच तोंडावर सांगितलं होतं, की तुमचं काम हा अजून 'प्रोफेशन' नाही. भावाला हे कुठेतरी सापडलं आणि आठवडाभर मला ऐकवत होता. पण १८९८ मध्ये न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा पहिला उन्हाळी वर्ग काढला तो दानधर्माचं काम बघणाऱ्या संस्थेनेच. चांगलं मन पुरत नाही हे तिथल्याच लोकांना आधी कळलं होतं. यावर भावाकडे अजून उत्तर नाही.

तर प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. एका सुपरवायझरकडे किती जण असतात, रिपोर्टवर शेरे येतात की नुसती सही, एवढं विचारा. माहितीपत्रकात हे नसतं.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना ते तपासा. काही देशांत त्याशिवाय नोंदणीच होत नाही. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसेल तर स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवून घेता येत नाही. शिवाय माझा अनुभव एकाच कॉलेजचा. मोठ्या नावाच्या कॉलेजातही उत्तम फील्डवर्क असू शकतं.

फीचं राहिलंच. ती माझ्या वेळी भावाने भरली होती, त्यामुळे त्यावर मी न बोललेलंच बरं.