श्टुटगार्टच्या जिन्यातले मुंबईकर

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे जर्मनीत स्थायिक झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुंबईकर कुटुंबांची आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील तक्रार अनेकांची आहे आणि फार थोडे लोक ती इतक्या मोकळेपणाने लिहितात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळची विलेपार्ल्याची. पतीच्या नोकरीमुळे आम्ही श्टुटगार्टला आलो. त्यांच्या कार्यालयात सगळे इंग्रजीत चालते, त्यामुळे त्यांचे काही अडत नाही. मी मुंबईत बँकेत अधिकारी होते आणि दिवसभर लोकांशी बोलणे हेच माझे काम होते. इथे दवाखान्यात फोन करायचा म्हटले तरी तळहाताला घाम फुटतो. मी जर्मनच्या वर्गाला जाते, परीक्षाही उत्तीर्ण झाले, पण जिन्यात भेटणाऱ्या शेजारीणबाई काय म्हणतात ते कळत नाही. मध्यंतरी आमच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली दिसली. कुणी चुकून लावली असेल असे समजून मी ती शेजारच्या दाराला लावली, आणि तेव्हापासून त्या बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. रविवारी चटणीसाठी मिक्सर लावला, तर खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली. माणसे वाईट नाहीत, पण कशाने बिनसते तेच समजत नाही. काय करावे?

उत्तर : पाटीपासून सुरुवात करू. श्टुटगार्ट आणि भोवतालच्या श्वाबेन प्रदेशात इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि दारासमोरचा पदपथ रहिवाशांनी आळीपाळीने झाडण्या-पुसण्याची जुनी प्रथा आहे. तिला ‘केरवोखे’ म्हणतात. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा तो आठवडा. काम उरकले की पाटी पुढच्या दारी जाते. म्हणजे शेजारीणबाईंच्या दृष्टीने आपण जिन्याला हातही न लावता आपली पाळी त्यांच्या गळ्यात घातली. त्यांना राग आला यात नवल नाही, आणि आपल्याला कुणी सांगितले नाही हेही तितकेच खरे आहे. ही गोष्ट तिथे कुणी सांगत नाही, कारण ज्यांनी ती लहानपणापासून पाहिली आहे त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही. आता आधी जिना स्वच्छ झाडून पुसून काढा आणि मग त्यांची बेल वाजवून ‘एन्टशुल्डिगुंग, दास वुस्टे इश निश्ट’, म्हणजे ‘क्षमा करा, मला हे माहीत नव्हते’, एवढेच म्हणा. बेसनाचे लाडू त्यानंतर द्या. झाडण्याआधी दिलेले लाडू तिथे लाच समजले जाण्याची शक्यता आहे.

रविवारच्या मिक्सरचे कारण सरळ आहे. जर्मनीत रविवार हा कायद्याने विश्रांतीचा वार आहे. बहुतेक दुकाने बंद असतात, आणि भिंतीला ड्रिल लावणे किंवा गवत कापण्याचे यंत्र चालवणे त्या दिवशी चालत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ, आणि अनेक इमारतींत दुपारी १ ते ३ हीसुद्धा. हे सर्व घराच्या नियमावलीत लिहिलेले असते. ‘हाउसऑर्डनुंग’ नावाचा तो कागद बहुधा आपल्या भाडेकरारालाच जोडलेला असेल. शब्दकोश घेऊन तो एकदा सावकाश वाचावा. वर्गातल्या पुस्तकात काल्पनिक कुटुंब सहलीला जाते, या कागदात आपली सायकल कुठे ठेवायची ते असते, त्यामुळे त्यातले शब्द डोक्यात टिकतात.

आता भाषेविषयी. शेजारीणबाईंचे बोलणे कळत नाही हा आपल्या अभ्यासाचा दोष नाही. वर्गात शिकवतात ती प्रमाण जर्मन, आणि जिन्यात ऐकू येते ती श्वाबियन बोली. पुस्तकातले ‘इस्ट’ तिथे ‘इश’ होते आणि नामांना ‘ले’ हा लाडिक प्रत्यय चिकटतो. पुण्याच्या पुस्तकावर मराठी शिकलेला माणूस थेट मालवणात उतरला तर त्याचे जे होईल तेच आपले झाले आहे. कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर ‘कृपया प्रमाण जर्मनमध्ये सावकाश सांगाल का’ असे विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

माझा मुख्य आग्रह मात्र वेगळा आहे. मी मुंबईत जर्मन शिकवते, आणि वर्षानुवर्षे एकच गोष्ट पाहत आले आहे : मराठी विद्यार्थी जर्मन भाषा इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो आणि उगाच घाबरतो. ‘डेअर, डी, दास’ या तीन लिंगांनी इंग्रजीत विचार करणारा हैराण होतो. तो, ती, ते म्हणत वाढलेल्या माणसाला त्यात नवीन काय आहे? कोणत्या नामाचे लिंग कोणते हे पाठ करावे लागते, पण निर्जीव वस्तूला लिंग असते ही कल्पना त्याला समजावून सांगावी लागत नाही. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच आणि मग वीस म्हणतो, जर्मनही तसेच म्हणतात. ‘झी’ आणि ‘डू’ यांतला फरक तुम्ही आणि तू यांच्यातलाच आहे, आणि तूवर येण्याचा प्रस्ताव सहसा वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो, हेही आपल्याला परके नाही. सगळ्यांत व्यवहारी उदाहरण घड्याळाचे. ‘हाल्ब नॉइन’ म्हणजे साडेआठ. ब्रिटिश इंग्रजीच्या सवयीने हा शब्द ऐकणारा साडेनऊला दवाखान्यात पोहोचतो आणि बोलणी खातो. श्वाबेनमध्ये ‘द्राय फिअर्टेल नॉइन’ असेही ऐकू येईल. ते सरळ आपले पावणेनऊ. वहीत अर्थ लिहिताना मराठीत लिहा, एवढी एकच सवय लावून घेतली तरी बराच फरक पडेल.

दवाखान्याचा फोन तूर्त टाळता येईल. शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन वेळ घ्यावी, हातात लिहून नेलेला कागद असावा. समोर माणूस असला की खुणा, चेहरा, कागद हे सगळे मदतीला येते, फोनवर केवळ आवाज असतो. दवाखाने बंद असताना ११६११७ हा वैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे आणि जिवावर बेतले तर ११२. टपालाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो मागणारे रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र आपल्यालाही आले असेल. घरात दूरचित्रवाणी संच नसला तरी ते द्यावे लागते. अनेक नवखे लोक ते फसवणूक समजून फाडून टाकतात आणि पुढे दंडाची पत्रे येऊ लागतात.

शेवटी आपल्या पतींबद्दल, कारण पत्रात ते एका वाक्यात निसटले आहेत. कार्यालयात इंग्रजी चालते म्हणून त्यांचे अडत नाही असे आपण लिहिता. प्रत्यक्षात त्यांचे जे अडते ते सारे आपण निस्तरत आहात, म्हणून त्यांना ते दिसत नाही. दवाखाना, पत्रे, जिना, शेजार हा सगळा जर्मनमधला संसार एकटीच्या अंगावर पडला आहे. दहा वर्षे मुंबईत राहून मराठीचे एक वाक्य न बोलणाऱ्याविषयी आपण सोसायटीच्या बैठकीत काय काय बोलतो, ते त्यांना आठवून द्यावे, आणि पुढच्या सत्रात संध्याकाळच्या वर्गात त्यांचेही नाव घालावे. ‘फोल्क्सहोखशूले’ या सार्वजनिक शिक्षणसंस्थेचे असे वर्ग जवळपास प्रत्येक जर्मन शहरात भरतात. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. त्या नात्याची थोडी लाज त्यांनीही राखायला हरकत नाही.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा असून फ्रँकफर्टला असतो. व्हिडिओ कॉलवर मी मराठीत विचारले की तो जर्मनमध्ये उत्तर देतो. सून म्हणते, त्याला सगळे समजते. मला मात्र तो परका होत चालल्यासारखे वाटते. (मुलुंडच्या एक आजी)

उत्तर : आजी, सूनबाई खरे बोलत आहेत. मूल दिवसभर बालवाडीत जर्मन बोलते आणि जी भाषा जिभेवर तयार असते ती आधी बाहेर पडते. आपल्याला जर्मन येत नाही हीच इथे आपली जमेची बाजू आहे, कारण मुले माणूस पाहून भाषा निवडतात आणि आजीशी बोलायचे तर मराठीच, हे त्याला हळूहळू उमगते. ‘आजीला कविता म्हणून दाखव’ हे मात्र बंद करा. ती परीक्षा असते, आणि परीक्षेला कोणते मूल आनंदाने बसते? त्याऐवजी दोघांनी मिळून काहीतरी करावे, चित्रांचे पुस्तक पाहावे किंवा पत्ते खेळावेत. त्याने अर्धे जर्मन, अर्धे मराठी वाक्य टाकले तर चूक न काढता तेच वाक्य आपण पूर्ण मराठीत म्हणावे. मुलाला आणि सुनेला एवढेच सांगा की शाळेची तयारी म्हणून घरातही त्याच्याशी जर्मन बोलू नये, जर्मन त्याला शाळा शिकवेलच. तिकडची मोठी सुटी जुलै-ऑगस्टच्या सुमारास असते, म्हणजे तो ऐन पावसाळ्यात येईल. तो खाली खेळायला गेला म्हणजे मराठी शिकेल यावर फार भिस्त ठेवू नका; मुलुंडच्या इमारतींत मुले खेळताना आपसांत कोणती भाषा बोलतात, ते एकदा गॅलरीत उभे राहून ऐकावे.

प्रश्न : मला जर्मनीत नोकरी मिळाली असून ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, मिळणार आहे. पत्नीला जर्मनच्या परीक्षेची अट नाही असे एजंट म्हणतो. मग इंग्रजीवर भागेल ना? (गिरगावातील वाचक)

उत्तर : एजंट खरे सांगतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-१, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीची अट नाही, आणि तिथे पोहोचल्यावर नोकरी करण्याची मुभाही आहे. पण भाषेवाचून ती मुभा बहुतेक वेळा कागदावरच राहते. वरचे पहिले पत्र पत्नीसह वाचावे आणि निघण्यापूर्वी काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात दोघांनीही ए-१ चा वर्ग पुरा करावा. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिच्यावाचून पुढची बरीच कामे खोळंबतात. टपालपेटीवर आडनाव ठळक लावा, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. आणि पत्नीच्या पासपोर्टवर आपल्या रिवाजाप्रमाणे तिच्या नावापुढे तुमचे नाव छापलेले असेल, तर जर्मन कार्यालये ते तिचेच दुसरे नाव समजून प्रत्येक कागदावर लिहितील. ते दुरुस्त करण्याच्या खटपटीत पडू नका. भाडेकरार, बँक, विमा सगळीकडे पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच स्पेलिंग ठेवा.