सर्व्हिसिंग कुठे ते नंतर बघू, आधी तारीख बघा

महागडी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावी की बाहेरच्या मेकॅनिकला, असं विचारणारी पत्रं येतच असतात. तुमच्या पत्राच्या शेवटीही तोच प्रश्न आहे. पण मध्येच तुम्ही सहज लिहून गेलात की गिअरबॉक्स बंद पडल्यावर कंपनीने ‘बाहेर सर्व्हिसिंग केल्यामुळे वॉरंटी रद्द’ असा मेल पाठवला, त्याला २१ महिने झाले, आणि तेव्हापासून पाठपुरावा चालू आहे. तुमचं सगळं प्रकरण याच वाक्यात आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. तुम्ही धरून चाललात की अजून तीन महिने आहेत. गिअरबॉक्स मात्र मेलच्या महिनाभर आधी गेला होता. समोरचा वकील त्या दिवसापासून मोजेल, आणि त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. म्हणजे दोनच महिने हातात आहेत असं समजा. पाठपुराव्याने मुदत वाढत नाही. ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ हे उत्तर दहा वेळा आलं तरी घड्याळ थांबत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी आयोगाला मुदत स्वतःहून तपासावी लागते. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘कस्टमर केअरवर विश्वास ठेवला’ हे कारण सबळ ठरेल याची खात्री मी देणार नाही. हे सगळं पहिल्याच महिन्यात विचारलं असतंत तर आज एवढी धावपळ नसती.

दाखल कुठे करायची, हेही आत्ताच ठरवा. गाडीचा मोबदला म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. भरपाई किती मागता यावर हे ठरत नाही. वॉरंटीची अटच अन्याय्य करार आहे असं म्हणायचं असेल, तर रक्कम कमी असली तरी राज्य आयोगाकडेच जावं लागतं. चुकीच्या दारात जाऊन तक्रार परत आली तर तेवढे दिवस गेले. गाडी फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक हेतू’ची (धंद्यासाठी घेतलेल्या गाडीला हा कायदा लागू नाही, अशी) हरकत येणारच, वापर घरगुती होता हे तक्रारीतच लिहा.

आता तुमची बाजू. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करा, असंही बजावलं. तो आदेश पुढे अपिलांत गेला आणि तो त्या १४ कंपन्यांपुरता आहे, त्यामुळे नुसता तो दाखवून निकाल लागेल असं समजू नका. पण त्यातला तर्क तुमच्या कामाचा आहे. बाहेर फक्त इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला, गिअरबॉक्सला कोणी हात लावला नाही. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. मग त्या कामामुळे गिअरबॉक्स कसा गेला? कंपनीच्या मेलमध्ये यावर एक अक्षरही नाही.

अडचण अशी की ‘फक्त इंजिन ऑइल’ हे तुम्ही सिद्ध कशाने करणार? मेकॅनिक ओळखीचा म्हणून बिलच घेतलं नाहीत. एवढी गाडी, आणि हातात कागदाचा कपटा नाही! आता मागची तारीख टाकून बिल बनवून घेऊ नका. पकडलं गेलं तर उरलेली केसही जाईल. त्याऐवजी मेकॅनिकचं प्रतिज्ञापत्र, पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद आणि त्या दिवशीचे मेसेज जमवा.

गिअरबॉक्स अजून कोणी उघडलेला नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं. तो तसाच राहू द्या आणि तक्रारीसोबतच तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज द्या. दुरुस्ती टाळता येतच नसेल तर आधी कंपनीला लेखी कळवा, फॉल्ट कोडची (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाची) प्रिंट घ्या आणि जॉबकार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) ‘जुने पार्ट परत द्यावेत’ असं लिहून घ्या. अशा प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि तोवर पार्ट भंगारात जातो.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरलाच करा. थोडे पैसे वाचवण्यासाठी हा वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही. वॉरंटी संपल्यावर चांगला मेकॅनिक खुशाल बघा, पण पक्कं बिल हवं आणि त्यावर ऑइलचा ग्रेड, पार्ट नंबर, किलोमीटर हवेत. तुमची वॉरंटी मूळ की एक्स्टेंडेड (मुदत वाढवून घेतलेली), हे पत्रातून कळत नाही. एक्स्टेंडेड असेल तर ती वेगळ्या कंपनीची असू शकते आणि अटी जास्त कडक असू शकतात, मग तिलाही पक्षकार करावं लागेल. तुम्ही मला वॉरंटी पुस्तिकेचं फक्त मुखपृष्ठ पाठवलंय. आतली अटींची पानं आणि नकाराचा तो मेल घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.