पाचारणाची साक्ष

भायखळ्याचे एक वडील लिहितात: मुलगी बी. ए. झाली असून तिला ईश्वरविज्ञान (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकायचे आहे; माझ्या मते तिने हिब्रू-ग्रीक या बायबलच्या मूळ भाषा शिकून प्राध्यापक व्हावे, कारण तिला आवडणारे ‘व्यावहारिक ईश्वरविज्ञान’ म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यांसाठी असलेली उपदेशाची तालीम आहे. तिचा बी. डी.चा, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदवीचा, फॉर्म त्यांनीच भरला आहे.

महोदय,

फॉर्म आपण भरलात हे एक वेळ समजू शकते. परंतु त्यासोबतची ‘मला पाचारण (देवाचे बोलावणे) कसे झाले’ ही साक्षही आपणच लिहिलीत, याची मला खरी चिंता वाटते. दुसऱ्याच्या पाचारणाची साक्ष वडिलांनाही देता येत नाही. आपल्या दोन पानी पत्रात मुलीविषयी एवढेच आहे की रविवारी उपासनेनंतर ती परळला टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांपाशी जाऊन बसते, आणि एका आईने ‘माझ्याच लेकराला का?’ असे विचारल्यापासून ती अस्वस्थ आहे. आपण याला वेळेचा अपव्यय म्हणता. माझ्या मते तिचा अभ्यास तिथेच सुरू झाला आहे.

व्यावहारिक ईश्वरविज्ञानात उपदेश हा केवळ एक भाग असतो. माणसांवर काय गुदरते आहे, ते का घडते, श्रद्धा त्याविषयी काय सांगते आणि मंडळीने (चर्चने) आता काय करावे, हे प्रश्न ते शिस्तीने विचारते. जर्मन ईश्वरविज्ञानी श्लायरमाखर यांनी 1811 मध्ये त्याला ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाचा मुकुट म्हटले होते. अमेरिकेत अँटन बॉयसन यांनी, जे स्वतः रुग्ण म्हणून मनोरुग्णालयात राहून आले होते, 1925 मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकायला लावले. अशा प्रशिक्षणात आजही विद्यार्थी रुग्णभेटीतला संवाद नंतर शब्दशः लिहून काढतात आणि आपण कुठे घाईने प्रार्थनेकडे वळलो, कुठे दुःख ऐकूनच घेतले नाही, हे मार्गदर्शकासमोर तपासतात. हे कच्च्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे. शिवाय त्या आईच्या प्रश्नासाठी बायबलमधले, निरपराध माणसाच्या दुःखाविषयीचे ईयोबाचे पुस्तक उघडावेच लागते, आणि ते मुळातून वाचायचे तर हिब्रू हवीच. तेव्हा हिब्रू की व्यावहारिक ईश्वरविज्ञान हा आपण मांडलेला झगडा मुळात नाहीच.

सेरामपूर सिनेट या ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी संलग्न बी. डी. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत किंवा बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात करता येते; प्रवेशाच्या अटी तिने स्वतः विचारून घ्याव्यात.

भरलेला अर्ज मात्र आपण मागे घ्यावा, त्यात हे वर्ष गेले तरी चालेल. परळच्या एका भेटीचा संवाद तिने शब्दशः लिहून काढावा आणि आपल्या पाळकांसोबत बसून तो तपासावा. त्यानंतर काय शिकायचे हे तिने ठरवावे आणि पुढचे पत्र मला तिनेच लिहावे.