वाचकांचे प्रश्न: अँटेना वर जाते, खाली का येत नाही?

प्रश्न: उपग्रहांचे सिग्नल घेण्यासाठी १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या दोन यागी (एका दिशेला रोखायच्या लांब अँटेना) एकाच क्रॉसबूमवर (आडव्या नळीवर) बसवल्या आहेत. मोटर त्यांना ९० अंशांपर्यंत सहज उचलते, पण उतरवताना कण्हते, कधी जागीच अडते. रोटेटर (अँटेना फिरवणारं यंत्र) बदलावा का?

उत्तर: थांबा, खर्च करू नका. दोष बहुधा तोलाचा आहे. क्लॅम्पमुळे यागी क्रॉसबूमच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसतात. बूम (यागीचा लांब दांडा) आडवी असताना हे वजन अक्षाच्या बरोबर डोक्यावर असतं, म्हणून जाणवत नाही. बूम उभी झाली की तेच वजन अक्षाच्या मागे जातं आणि अँटेना आणखी मागे झुकवू पाहतं. चढताना ते मोटरला हातभार लावतं, उतरताना मोटरला तेच उचलावं लागतं.

वीज बंद करा. एकाने बूम घट्ट धरावी, दुसऱ्याने क्रॉसबूमचे क्लॅम्प ढिले करावेत. मग ०, ४५ आणि ९० अंशांवर हात हलका करून पाहा. तिन्ही जागी बूम थांबली तर तोल बरोबर. शून्यावर नाक खाली जात असेल तर यागी क्लॅम्पमध्ये मागे सरकवा. फक्त ९० वर मागे कलंडत असेल तर क्रॉसबूमखाली प्रतिवजन हवं. यागी मिळून ५ किलो आणि अक्षापासून ४ सेंमी वर असतील तर गुणाकार २०. म्हणजे अक्षाखाली २० सेंमीवर १ किलो पक्कं बांधलं की हिशेब मिटला. हे सारं केबल बांधून झाल्यावरच करा. मागे लोंबणाऱ्या कोॲक्सचं (अँटेनाच्या केबलचं) वजन हमखास विसरलं जातं.

आणखी एक. कोॲक्स बूमवरून मागे, रिफ्लेक्टरच्या (सर्वांत मागच्या काडीच्या) पलीकडे न्या आणि तिथून सैल वळण देऊन मास्टवर (उभ्या खांबावर) आणा. क्रॉस यागीसाठी (जिच्या काड्या आडव्या-उभ्या अशा दोन्ही असतात) धातू जवळ नको म्हणून मुद्दाम फायबरग्लासचा क्रॉसबूम घ्यायचा आणि त्याच्यावरूनच कोॲक्स ओढायची, म्हणजे धातूची नळी परत आणण्यासारखंच.

प्रश्न: उत्तर दिशा होकायंत्राने लावली, तरी अँटेना दहाएक अंश चुकते.

उत्तर: लोखंडी मास्टजवळ होकायंत्र भरकटतं. शिवाय ते चुंबकीय उत्तर दाखवतं, ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरला भौगोलिक उत्तर लागते. त्यापेक्षा सूर्य वापरा. आधी मास्ट ओळंब्यात आहे ना ते पाहा. सॉफ्टवेअरमधून सूर्याचे त्या क्षणाचे दिगंश (उत्तरेपासूनचा कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) घ्या, कंट्रोलरवर (रोटेटर चालवणाऱ्या डब्यावर) तेच आकडे लावा, मास्टचे क्लॅम्प सैल करून मास्ट फिरवा. बूमची लांब सावली आखडत जाऊन ठिपक्याएवढी उरली की बोल्ट आवळा. नजर सावलीवरच ठेवा, सूर्याकडे नको.

अंशाअंशासाठी जीव टाकू नका. ४३५ मेगाहर्ट्झच्या यागीचा झोत ४० अंश रुंद असेल, तर १० अंशांच्या चुकीने एक डेसिबलही जात नाही. २० अंश चुकलात तर मात्र तीन डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती गेली.

प्रश्न: उपग्रह थेट डोक्यावरून जातो तेव्हा मधेच सिग्नल तुटतो.

उत्तर: माथ्यावरून जाताना दिगंश काही सेकंदांत जवळजवळ १८० अंश पालटतात, आणि साध्या रोटेटरला पूर्ण फेरीला सुमारे एक मिनिट लागतं. उन्नतांशाचा रोटेटर १८० अंश जाणारा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लिप’ चालू करा: दिगंश जवळपास स्थिर राहतात, अँटेना माथ्यावरून पलीकडे उलटते. रोटेटरचा थांबा उत्तरेला आहे की दक्षिणेला, हेही सॉफ्टवेअरला नीट सांगा. नाहीतर ऐन पासमध्ये (उपग्रह आकाशातून जात असताना) तो उलटी फेरी मारत बसेल.

फ्लिप नसेल तरी फार बिघडत नाही. ५०० किमी उंचीचा उपग्रह क्षितिजावर सुमारे २५०० किमी दूर असतो, डोक्यावर फक्त ५००. तेवढ्याने सिग्नल १४ डेसिबल वाढतो, त्यामुळे तिथे नेम चुकला तरी बरंच खपून जातं.

प्रश्न: पावसाळ्यानंतर कंट्रोलरचा काटा थरथरतो.

उत्तर: प्लगमध्ये पाणी शिरलं असावं. प्लग सुकवून, पिना घासून पुन्हा बसवा, वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि केबलला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. तरीही थरथरला तर रोटेटरमधला पोटेंशिओमीटर (काट्याला कोन कळवणारा भाग) झिजला आहे, तो बदला.