गोव्याचा पाऊस आणि अरबी समुद्राचं तापमान यांचा जुना डेटा कुठे मिळेल? ईआरए५ पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाला बीएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टसाठी गोव्यातला जूनचा पाऊस आणि समोरच्या अरबी समुद्राचं तापमान यांचा साठेक वर्षांचा संबंध बघायचाय. त्यासाठी डेटा फुकट कुठे मिळेल, सगळंच ईआरए५ या युरोपीय हवामान-डेटासंचातून उचललं तर चालेल का, आणि साध्या लॅपटॉपवर हे जमेल का.

डेटा मिळतो, फुकट मिळतो आणि घरबसल्या मिळतो. अडचण वेगळीच आहे. आपल्या समोरच्या समुद्राच्या नोंदी नेमक्या पावसाळ्यातच विरळ आहेत, आणि तयार नकाशांवर ते दिसत नाही. माझं रोजचं काम याच आकड्यांशी आहे म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ईआरए५. युरोपातल्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचं हे काम. जहाजं, हवामान फुगे, उपग्रह यांची जुनी निरीक्षणं आजच्या मॉडेलमध्ये घालून मागचं हवामान तासागणिक पुन्हा उभं केलंय, १९४० पासून. वारा आणि दाब हवा असेल तर डोळे झाकून घ्या. पाऊस मात्र घेऊ नका. तो पर्जन्यमापकात पडलेला नाही, मॉडेलने पाडलेला आहे. शिवाय त्याची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. ३७०२ चौरस किलोमीटरचा आपला गोवा क्षेत्रफळाने अशा चार चौकटींत संपतो. तेवढ्यात मॉडेलला किनारा, पठार आणि सह्याद्रीचा कडा सगळं बसवायचंय. पणजी आणि वाळपई यांच्या पावसात किती फरक पडतो हे वाळपईच्या सत्तरी तालुक्यातल्या कुणालाही विचारा, मॉडेलला तो अर्धामुर्धाच कळतो.

समुद्राच्या तापमानाची गंमत तर आणखी वेगळी. ईआरए५ ते स्वतः काढतच नाही, उसनं आणतं. ऑगस्ट २००७ पर्यंत हॅडआयएसएसटी२ या संचातून आणि पुढे ओस्टिया या दुसऱ्या संचातून. म्हणजे तुमच्या साठ वर्षांच्या आलेखात एक शिवण आधीच आहे, आणि ती फाइलमध्ये कुठे दिसत नाही. त्यामुळे ‘ईआरए५ चा पाऊस आणि ईआरए५ चं समुद्राचं तापमान यांचा संबंध’ असं शीर्षक दिलंत तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात अडकवतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

पावसासाठी भारतीय हवामान खात्याचा ग्रिड डेटा घ्या. पुण्याच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर तो वर्षावार फाइलींत आहे: १९०१ पासून, रोजचा, पाव अंशाच्या जाळीवर. देशभरातल्या ६९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून तो बांधलाय. मात्र हे सगळे मापक सगळी वर्षं चालू नव्हते. जिथे मापक नाही तिथे शेजारच्यांवरून अंदाज बांधून आकडा भरलेला असतो, म्हणून जमिनीवरच्या प्रत्येक बिंदूवर प्रत्येक दिवशी ‘पाऊस’ दिसतो. पणजीला सगळ्यात जवळचा बिंदू १५.५ उत्तर, ७३.७५ पूर्व. उणे ९९९ असा आकडा दिसला तर तो पाऊस नव्हे, ‘नोंद नाही’ची खूण आहे. सरासरी काढण्याआधी ते आकडे गाळा.

आता तारखेचा घोळ, यात भलेभले फसतात. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पणजीतल्या आल्तिनोच्या वेधशाळेत ११ जूनच्या नावावर जो पाऊस लागतो, तो १० जूनच्या सकाळी साडेआठपासून ११ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. किनाऱ्यावरच्या मोठ्या सरी बऱ्याचदा रात्री आणि पहाटे कोसळतात, त्यामुळे १० तारखेच्या मध्यरात्रीआधीचा पाऊसही ११ च्या खात्यात जातो. ईआरए५ मात्र ग्रिनिचच्या घड्याळावर चालतं. साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे ३. दोन्ही पाऊस शेजारी ठेवायचे असतील तर ११ जूनसाठी ईआरए५ चे १० जूनचे ४ वाजल्यापासून ११ जूनच्या ३ वाजेपर्यंतचे चोवीस आकडे बेरजेला घ्या (प्रत्येक आकडा आधीच्या तासाभराचा असतो), आणि १००० ने गुणा, कारण तो पाऊस मीटरमध्ये असतो. महिन्याच्या बेरजेत यानं फार बिघडत नाही. रोजचा संबंध बघितलात तर सगळं एक दिवसाने सरकतं.

समुद्राकडे वळू. जुनी निरीक्षणं जशीच्या तशी बघायची असतील तर आयकोड्स हा संच आहे. जगभरच्या जहाजांनी टिपलेलं वारा, दाब, ढग, हवेचं आणि पाण्याचं तापमान त्यात एकत्र केलंय, पार १६६२ पासून. तुमच्या कामासाठी त्यातले मासिक सारांश बरे. १९६० पासून ते एक अंशाच्या चौकटीत मिळतात, म्हणजे तुमच्या साठ वर्षांना नेमके जुळतात. आणि सरासरीच्या जोडीला त्या चौकटीत त्या महिन्यात किती निरीक्षणं झाली तो आकडाही असतो. तुम्हाला खरा उपयोग या दुसऱ्या आकड्याचा आहे. गोव्यासमोरच्या चौकटीचा फेब्रुवारी आणि जुलै शेजारी ठेवून बघा, पावसाळ्यातल्या नोंदी किती विरळ आहेत ते कळेल.

कारण साधं आहे. कप्तान वादळ टाळतो. जिथे हवामान सगळ्यात वाईट तिथे जहाज नसतं, म्हणून जहाजांच्या नोंदवहीत वाईट हवामान कमी सापडतं. त्यात राजकारणही येतं. जून १९६७ ते जून १९७५ सुएझ कालवा बंद होता, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. तुमच्या काळातली ती आठ वर्षं आहेत, तेव्हा निरीक्षणांची संख्या वर्षावार काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजण्याची पद्धतही बघा. पूर्वी दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापक बुडवायचे. कॅनव्हासची बादली डेकवरच्या वाऱ्यात गार होते, आकडा थोडा कमी येतो. नंतर इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान टिपू लागले, तो थोडा जास्त येतो. बादलीकडून इंजिनकडे जग हळूहळू सरकलं, म्हणजे समुद्र तापलाच नसता तरी आलेख थोडा चढला असता. (समुद्र तापलाय हे खरंच आहे. मी फक्त आकड्यांबद्दल बोलतोय.) आयकोड्सच्या मूळ नोंदींत पद्धतीचा वेगळा रकाना असतो. तो रिकामाही पुष्कळदा असतो.

हे सगळं निस्तरत बसायचं नसेल, आणि बीएस्सीच्या प्रोजेक्टला ते बसूही नये, तर दुरुस्त्या करून तयार केलेला समुद्र-तापमानाचा ईआरएसएसटी हा संच घ्या: मासिक, दोन अंशाची जाळी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. पडताळ्याला हॅडआयएसएसटी: मासिक, एक अंश, १८७० पासून. दोघांचं जिथे पटत नाही तिथे आयकोड्सची संख्या बघा. पाव अंशाचा रोजचा ओआयएसएसटी हा तिसरा संच दिसायला फार देखणा, पण तो सप्टेंबर १९८१ पासूनचा आणि मुख्यतः इन्फ्रारेड उपग्रहांवर बेतलेला. इन्फ्रारेडला ढगाखालचं दिसत नाही. जुलैत आपल्याकडे ढग किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. नकाशा तरीही भरलेला असतो, कारण रिकाम्या जागा गणिताने भरतात. ढगातून पाणी ‘बघणारे’ मायक्रोवेव्ह उपग्रह या भागाला मिळाले ते १९९७ च्या अखेरीपासून.

ही पोकळी भरायला मोहिमाही झाल्या. २००२ मध्ये आर्मेक्स नावाची मोहीम निघाली, ‘सागर कन्या’ जहाज भर पावसाळ्यात अरबी समुद्रात गेलं. पश्चिम किनाऱ्यावर अतिवृष्टी कशी होते ते बघायचं होतं. आणि त्याच वर्षी जुलैत देशभरात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला! दुष्काळाचा डेटाही मोलाचाच, पण मोहीम आखणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल याची कल्पना करवत नाही.

आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप खाली-वर करत वाहणारी मोजयंत्रं, पावसाळ्याला भीत नाहीत. दर दहा दिवसांनी २००० मीटरवरून वर येतात आणि वाटेतलं तापमान, क्षारता मोजतात. पण एवढ्या खोलीला उथळ किनारपट्टी चालत नाही, म्हणून आपल्या किनाऱ्याजवळ त्यांचा उपयोग नाही. तिथे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोर घेतलेली निरीक्षणं कामाची. पावसाळ्यात इथे वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो आणि काही मीटर खाली थंड, प्राणवायू जवळजवळ संपलेलं पाणी. उपग्रह वरचा थर मोजतो. तुमचं ‘समुद्राचं तापमान’ म्हणजे फक्त तेवढंच, हे प्रोजेक्टमध्ये एका ओळीत लिहा.

आता न विचारलेली गोष्ट. जूनचा पाऊस आणि जूनचंच तापमान जोडू नका. मे महिन्यात अरबी समुद्राचा मोठा भाग ३० अंशांच्या आसपास असतो. मान्सूनचा वारा आला की पाणी घुसळतं, बाष्पीभवन वाढतं आणि तो दोनेक अंशांनी उतरतो. ज्या वर्षी मान्सून लवकर आणि जोरात, त्या जूनमध्ये समुद्र गार. आलेखावरून वाटेल गार समुद्र पाऊस देतो, प्रत्यक्षात पावसाळ्याच्या वाऱ्यानेच समुद्र गार केलेला असतो. मेचं तापमान आणि जूनचा पाऊस घ्या. दोन्हींतला दीर्घकाळचा कल (सतत चढणं किंवा उतरणं) आधी वजा करा.

लॅपटॉपची काळजी नको. ईआरए५ चा वारा घेताना अख्खं जग डाउनलोड करू नका. कोपर्निकस या युरोपीय सेवेच्या डेटा स्टोअरवर (ईआरए५ तिथेच मिळतो) फुकट खातं काढा आणि १० ते २० उत्तर, ६५ ते ७६ पूर्व एवढीच चौकट मागा. पाव अंशाने ते १८४५ बिंदू होतात. मासिक सरासरीची साठ जूनची फाइल अर्ध्या एमबीच्या आत, तासागणिक घेतलीत तरी एका घटकाला सुमारे ३२० एमबी. उघडून नुसतं बघायला पॅनोप्ली हे सॉफ्टवेअर, हिशेबाला पायथन भाषेतलं एक्सअरे हे पॅकेज. हवामान खात्याच्या फाइली नेटसीडीएफ या स्वरूपात घ्या, बायनरीच्या नादी लागू नका.