गीझरचा टायमर दीड तास उशिरा चालू होतो, कधी कधी बंदच होत नाही. टायमर बदलू की गीझर दाखवू?

तुम्ही लिहिलंय: घर इंदूरला सुदामानगरात, गीझर 25 लिटर, 2000 वॅटचा, आणि सॉकेटमध्ये खोचायचा गोल चकतीचा टायमर. पहाटे 5:30 ला लावलाय, पण चालू होतो 7 च्या सुमाराला. शिवाय दोन-तीनदा सकाळी 10 वाजेपर्यंत लाल दिवा जळताना दिसला.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली बहुतेक बिघाड नाहीच. दुसरी मात्र गंभीर आहे. तिचा छडा लागेपर्यंत टायमर काढून ठेवा आणि गीझर थेट 16 अँपिअरच्या सॉकेटवर, हाताने चालू-बंद करा.

आधी उशिराचं. चकतीच्या टायमरला बॅटरी नसते. आत छोटी मोटर असते, ती विजेवरच फिरते. लाइट गेली की चकती जागीच थांबते आणि आली की तिथूनच पुढे चालते. म्हणजे वेळ लावल्यापासून एकूण दीड तास लाइट गेली असेल, तर टायमर बरोबर दीड तास मागे पडणार. पण लाइट जाण्यापेक्षा मला दाट संशय घरातल्या माणसांवर आहे. आंघोळ झाली की कोणीतरी सवयीने बोर्डाचं बटण बंद करतं आणि तेवढा वेळ चकतीही झोपते. टायमर लावलेला असताना बटण चोवीस तास चालूच हवं. हे सगळ्यांना सांगा, नाहीतर बटणावर चिकटपट्टी लावा.

तपासायला टायमर नुसता, गीझर न जोडता, सॉकेटमध्ये लावा आणि चकती बाणाच्या दिशेने फिरवून आत्ताची वेळ खुणेसमोर आणा. उलटी फिरवू नका, आतले दाते तुटतात. चकती 24 तासांची असते, त्यामुळे संध्याकाळी 6 म्हणजे 18 वरच आणायची. लाइट न जाता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. जुळली तर मोटर ठीक आहे. मागे पडली तर मोटर किंवा दाते गेले, टायमर बदला.

आता बंद न होण्याचं. टायमरच्या कडेला एक बारीक सरकतं बटण असतं, एका बाजूला घड्याळाची खूण आणि दुसऱ्या बाजूला ‘कायम चालू’. पुसताना धक्का लागून ते कायमवर गेलं की चकतीच्या कडेच्या वेळेच्या पिना कशाही लावा, उपयोग नाही. ते घड्याळावर असेल तर गीझर काढून तिथे 100 वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि चकती हळूहळू फिरवा. पिनांचा पट्टा संपला की ‘टक्’ आवाज येऊन बल्ब विझायला हवा. टक् झालं पण बल्ब जळतोच, तर आतले संपर्क, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे तुकडे, चिकटलेत. टक्‌च झालं नाही, तर पिन वाकलीय किंवा आतली पट्टी झिजलीय. हे टेस्टरने तपासू नका, वायरमध्ये शेजारच्या वायरमुळे विजेचा नुसता भास असला तरी टेस्टर चमकतो.

यात एक खोच आहे. चिकटलेले संपर्क थंड झाल्यावर आपोआप सुटतातही, आणि ‘कधी कधी’ म्हणता ते बहुधा त्यामुळेच. म्हणून बल्बच्या परीक्षेत पास झाला तरी तो निर्दोष ठरत नाही. टायमरच्या प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा जळकट वास येत असेल तर सरळ टाकून द्या. उघडून संपर्क घासायच्या फंदात पडू नका.

हे का होतं? 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 8.7 अँपिअर. स्वस्त टायमरवर 16 छापलेलं असलं तरी आतल्या पट्ट्या तेवढ्या ताकदीच्या असतीलच असं नाही. त्यातून भर लोडवर वीज तोडली की ठिणगी पडते, संपर्क खडबडीत होतात, जास्त तापतात आणि शेवटी चिकटतात. यावर साधी युक्ती म्हणजे वीज तोडण्याचं काम गीझरमधल्या थर्मोस्टॅटला (पाणी तापलं की आपोआप बंद करणाऱ्या भागाला) करू द्या. थंडीत 18 अंशांचं 25 लिटर पाणी 60 पर्यंत न्यायला सुमारे 37 मिनिटं आणि सव्वा युनिट लागतं. चकतीची एक पिन सहसा 15 मिनिटांची, तशी असेल तर तीन पिना लावा. थर्मोस्टॅट आधी तोडेल आणि टायमर नंतर बिनलोडचा बंद होईल. बोअरिंगच्या पाण्याने कॉइलवर क्षार बसला असेल तर एक पिन वाढवा.

नवा घ्यायचाच असेल तर माझा कौल बोर्डात बसणाऱ्या बॅटरीवाल्या डिजिटल टायमरला, सोबत 25 अँपिअरचा दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) कॉन्टॅक्टर, म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. टायमर फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो, गीझरचा करंट त्याच्यातून जातच नाही. महारानी रोडवर दोन्ही मिळतात. काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या: 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारी). अर्थिंग तपासायला सांगा. एक पोलचा कॉन्टॅक्टर बसवला तर फेजच तुटतोय ना ते स्वतः विचारा. न्यूट्रल तुटत असेल तर गीझर बंद दिसतो, पण त्याच्या कॉइलमध्ये वीज असतेच.

डिजिटलची एक खोड आधीच सांगतो. पुष्कळ मॉडेलांत ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर आणलं की पुढची बंद व्हायची वेळ येईपर्यंत ते चालूच राहतं. ‘ऑफ’वरून ‘ऑटो’वर आणायचं.